गच्चीवरून दिसणारा तो लुकलुकणारा दिवा: उडती तबकडी म्हणण्याआधी काय तपासाल?

आत्ता गच्चीवर उभे राहून समोरचा लाल-हिरवा-निळा लुकलुकणारा दिवा बघत असाल आणि हातात मोबाइल असेल, तर व्हिडिओ जरा मागे ठेवा. आधी तीन गोष्टी लिहून घ्या. घड्याळात किती वाजलेत, दिवा कोणत्या दिशेला आहे, आणि क्षितिजापासून किती वर आहे. या तीन नोंदी असल्या की बहुतेक वेळा त्या दिव्याचं नाव पाच मिनिटांत सांगता येतं. त्या नसतील, तर काळ्या पडद्यावर थरथरणारा पांढरा ठिपका आणि मागे ‘अरे बघ बघ, हलला’ असा आवाज असलेला व्हिडिओ कुणालाही दाखवला तरी हाती काही लागत नाही.

आकाशनिरीक्षण करणाऱ्या माणसाच्या फोनवर असे व्हिडिओ येतच असतात. हिवाळ्यात जास्त. पाठवणारी माणसं खोटं बोलत नसतात आणि भोळीही नसतात. त्यांना दिवा दिसलेला असतो, तो रंग बदलताना दिसलेला असतो, हलतानाही दिसलेला असतो. गडबड होते ती पुढच्या वाक्यात: ‘साधारण दोन किलोमीटरवर होता, बसएवढा मोठा, आणि भयंकर वेगात गेला.’ अंधाऱ्या आकाशातल्या ठिपक्याचं अंतर डोळ्यांना कळू शकत नाही. अंतर कळलं नाही की आकार कळत नाही आणि वेगही नाही. म्हणून या लेखात किलोमीटर, फूट वगैरे काही मोजायचं नाही. मोजायचे ते फक्त अंश आणि मिनिटं.

हाताने अंश मोजा

हात समोर पूर्ण ताणून मूठ वळा आणि एक डोळा मिटा. मुठीची रुंदी आकाशात साधारण १० अंश भरते. करंगळीचं टोक १ अंश. पंजा पूर्ण फाकवला तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत २० अंशांच्या आसपास. लहान मुलाची मूठ लहान असली तरी त्याचा हातही त्याच प्रमाणात आखूड असतो, त्यामुळे मुलांनाही हेच माप चालतं. क्षितिजावर मूठ ठेवा, तिच्यावर दुसरी, आणि दिव्यापर्यंत किती मुठी झाल्या ते मोजा. ‘आग्नेयेला, दीड मूठ वर’ एवढं सांगितलंत तरी काम झालं.

दिशेसाठी मोबाइलमधलं होकायंत्र चालतं, पण गच्चीच्या लोखंडी कठड्याजवळ किंवा गाडीत बसून ते सर्रास चुकतं. कठड्यापासून दूर या, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा आणि मग बघा. सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे सूर्य कुठल्या इमारतीमागे मावळतो ते ठाऊक असणं. ध्रुवतारा सापडत असेल तर फारच छान. तुमच्या गावाचा अक्षांश जितका, तितकाच तो क्षितिजापासून वर असतो: पणजीत साडेपंधरा अंश, पुण्यात साडेअठरा, मुंबईत १९, नागपुरात २१. म्हणजे मुठींच्या हिशेबात दीड ते दोन. नवख्यांना तो खूप तेजस्वी असेल असं वाटतं. तसा तो मुळीच नाही, त्यामुळे ध्रुवाला कुणी तबकडी समजल्याचं फारसं ऐकू येत नाही.

दिवा खांबाला ‘बांधा’ आणि पंधरा मिनिटं थांबा

या लेखातली एकच पायरी करणार असाल तर ही करा.

भिंतीला पाठ टेकवून उभे राहा किंवा खुर्चीत बसा. डोकं स्थिर ठेवा. विजेचा खांब, पाण्याच्या टाकीची कड, समोरच्या इमारतीचा कोपरा असं काहीतरी निवडा आणि दिवा त्या कडेला अगदी चिकटलेला दिसेल अशी जागा पकडा. पायांखाली खडूने खूण केलीत तर उत्तम, कारण दोन पावलं इकडेतिकडे झाली तरी सगळी मोजणी वाया जाते. वेळ लिहा. आता पंधरा मिनिटं दुसरं काहीही करा आणि परत त्याच जागी येऊन बघा.

तारा किंवा ग्रह असेल तर तो सरकलेला असेल, पण अगदी शिस्तीत. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे पंधरा मिनिटांत तो पावणेचार अंशांच्या आसपास सरकतो, म्हणजे हात ताणून धरलेली दोन-तीन बोटं. पूर्वेला असेल तर वर चढत किंचित उजवीकडे, दक्षिणेला असेल तर डावीकडून उजवीकडे, पश्चिमेला असेल तर खाली उतरत किंचित उजवीकडे. उत्तरेकडचे तारे तेवढे वेगळे वागतात. ते ध्रुवाभोवती घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात आणि जितके ध्रुवाजवळ तितके कमी सरकतात. दिवा या नियमाने चालला असेल तर तो आकाशातला आहे, आपल्या हवेतला नाही. चाचणी इथेच संपली, पुढे फक्त नाव शोधायचं उरतं.

खांब कशाला हवा, डोळे आहेत की, असं वाटेल. डोळे इथे दगा देतात. पूर्ण काळ्या पार्श्वभूमीवरच्या एकट्या ठिपक्याकडे टक लावून पाहिलं की काही सेकंदांत तो डुलायला लागतो, वर-खाली होतो, झटका मारून बाजूला जातो. अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट या मोठ्या निसर्गशास्त्रज्ञाला १७९९ मध्ये तेनेरीफ बेटावरच्या डोंगरावरून तारे असेच डोलताना दिसले होते, आणि तो ताऱ्यांचाच काही प्रकार असावा असं त्याने धरलं. हे डोलणं बघणाऱ्याच्या डोळ्यांचं आहे हे नंतर कळलं. मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये यावर केलेला प्रयोग तर प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर टाकावा असा आहे. अंधाऱ्या खोलीत न हलणारा एक ठिपका दाखवून ‘किती हलला?’ असं लोकांना विचारलं. एकेकटे असताना प्रत्येकाने वेगळं उत्तर दिलं. एकत्र बसवल्यावर त्यांची उत्तरं एकमेकांच्या जवळ येत गेली. ठिपका तर जागेवरच होता.

म्हणून गच्चीवर चार जण असाल, तर बोलायच्या आधी प्रत्येकाने आपापल्या फोनवर काय दिसलं ते लिहावं आणि मग वाचून दाखवावं. ‘चौघांनी पाहिलं’ या वाक्याला तेव्हाच वजन येतं.

पावसाळ्यात आणखी एक फसवाफसवी असते. ढग पळत असतात, मधल्या फटीत एकच तेजस्वी तारा दिसतो, आणि ढग थांबलेले असून ताराच उलट दिशेने धावतोय असं वाटतं. खांबाच्या कडेला धरला की तो लगेच उभा राहतो.

गाडीतून जाताना ‘तो आमच्या मागेमागे येत होता’ हेही नेहमीचं. रस्त्याकडेची झाडं मागे जातात, डोंगर हळूहळू मागे जातात आणि तारा मात्र सोबत राहतो, कारण तो इतका लांब आहे की पन्नास किलोमीटर गेलात तरी त्याच्या दिशेत फरक पडत नाही. चंद्राच्या बाबतीत हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. घाटातल्या वळणांवर तो कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी समोर येतो, आणि मग ‘घिरट्या घालत होता’ असं वर्णन तयार होतं. गाडी सुरक्षित जागी थांबवा, इंजिन बंद करा, उतरा. तोही थांबेल.

रंग का बदलतात?

लाल, हिरवा, निळा, परत पांढरा. सगळ्यात जास्त माणसं इथेच चकतात, आणि त्यांचं चुकतं असंही म्हणवत नाही, कारण रंग खरेच दिसतात.

पाण्याने भरलेल्या हौदाच्या तळाशी पडलेलं नाणं पाणी हललं की थरथरतं, तसा ताऱ्याचा प्रकाश हवेच्या गरम-थंड थरांतून येताना थरथरतो. तारा आपल्याला केवळ बिंदू दिसतो. त्यामुळे त्याच्या प्रकाशाची बारीकशी शलाका जरा इकडेतिकडे झाली तरी तो क्षणभर मंद किंवा तेज होतो. शिवाय हवा काचेच्या लोलकासारखी रंग वेगळे करते. निळा प्रकाश जास्त वाकतो, लाल कमी. म्हणजे एकाच ताऱ्याचा लाल आणि निळा प्रकाश किंचित वेगळ्या वाटेने येतो आणि दोघांना वेगवेगळ्या वेळी धक्के बसतात. एका क्षणी लाल पोहोचतो, पुढच्या क्षणी निळा.

हे सगळं क्षितिजाजवळ फार वाढतं. डोक्यावरच्या ताऱ्याच्या तुलनेत क्षितिजाला टेकलेल्या ताऱ्याचा प्रकाश जवळपास ३८ पट हवेतून येतो. १० अंशांवर, म्हणजे एक मूठ वर, साडेपाच पट. ३० अंशांवर फक्त दुप्पट. म्हणून सोपी चाचणी अशी: रंग उधळणारा दिवा दोन तासांनी परत बघा. तो वर चढला असेल आणि रंग उधळणं कमी झालं असेल, तर तो ताराच.

ग्रह सहसा लुकलुकत नाहीत, कारण त्यांची इवलीशी का होईना गोल चकती असते आणि तिच्या वेगवेगळ्या भागांची थरथर एकमेकांना भरून काढते. पण हा नियम फार ताणू नका. अगदी क्षितिजावर आलेला शुक्रही रंग फेकतो.

नेहमीचे ‘संशयित’

शुक्र सगळ्यात वरचा. आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यापेक्षा, म्हणजे व्याधापेक्षा, तो कमीत कमी आठपट आणि कधी वीसपटींहून अधिक तेजस्वी असतो. पण त्याचं एक बंधन आहे: सूर्यापासून तो ४७ अंशांपेक्षा दूर जात नाही. त्यामुळे तो एक तर संध्याकाळी पश्चिमेला दिसेल किंवा पहाटे पूर्वेला. आपल्याकडे रात्री बारा वाजता दिसणारा झगझगीत ठिपका शुक्र असूच शकत नाही. कुणी तसं सांगत असेल तर त्याच्याशी वाद घाला.

सध्या शुक्र कुठे आहे हे कळायला इंटरनेटही लागत नाही. घरात भिंतीवर दिनदर्शिका किंवा कपाटात पंचांग असतंच. त्यात गुरू-शुक्राचे अस्त आणि उदय दिलेले असतात, लग्नाचे मुहूर्त त्या काळात धरत नाहीत म्हणून. ‘शुक्राचा अस्त’ म्हणजे तो सूर्याच्या इतक्या जवळ गेलाय की दिसत नाही. ‘पश्चिमेस उदय’ म्हणजे आता पुढचे काही महिने तो संध्याकाळी दिसणार, आणि तुमच्या ग्रुपवर व्हिडिओ येणार. मुहूर्तावर तुमचा विश्वास असो वा नसो, या तारखा कामाच्या आहेत.

गुरू रात्रभर दिसू शकतो, एका राशीत साधारण वर्षभर मुक्काम करतो (नाशिकचा सिंहस्थ तो सिंह राशीत असतानाच भरतो), त्यामुळे एकदा ओळखला की महिनोन्‌महिने तो त्याच ताऱ्यांच्या आसपास सापडतो. साधी दुर्बीण कठड्यावर टेकवून धरलीत तर त्याच्या बाजूला एका ओळीत त्याचे उपग्रह दिसतात. ‘मोठ्या यानातून लहान यानं बाहेर पडली’ या वर्णनाचा उगम बऱ्याचदा तिथे असतो. मंगळ सुमारे दर २६ महिन्यांनी तेजस्वी होतो आणि केशरी दिसतो. शनीमुळे गैरसमज क्वचितच होतो.

ताऱ्यांत पहिला मान व्याधाचा. मृगनक्षत्रातले बाणाचे तीन तारे बहुतेकांना ओळखता येतात. त्या तीन ताऱ्यांची रेष आग्नेयेकडे वाढवली की व्याध, उलट वाढवली की रोहिणी. डिसेंबरच्या अखेरीस व्याध संध्याकाळी सातच्या सुमारास आग्नेयेला उगवतो, आणि नेमकी हीच वेळ माणसं कामावरून घरी येण्याची आणि गच्चीवर जाण्याची. फेब्रुवारीत रात्री नऊ-दहाला तो दक्षिणेला उंच असतो आणि बऱ्यापैकी शांत दिसतो. एप्रिलच्या शेवटी पश्चिमेला खाली येतो आणि परत रंग उधळू लागतो.

मृगाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये न्यू जर्सी आणि आसपासच्या राज्यांत रहस्यमय ड्रोनची धांदल उडाली होती. मेरिलँडचे माजी गव्हर्नर लॅरी होगन यांनी घरावरून डझनावारी मोठे ड्रोन दिसल्याचं सांगत व्हिडिओ टाकला, आपण पाऊण तास ते बघत होतो असंही लिहिलं. त्या व्हिडिओतले ठिपके म्हणजे मृगनक्षत्र आहे हे जाणकारांनी लगेच दाखवून दिलं. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला मृग काढून दाखवायला सांगा, तो दाखवेल. पण बातम्यांत आठवडाभर ‘ड्रोन, ड्रोन’ चाललेलं असलं की समोरचं नक्षत्रही ड्रोनच दिसतं.

व्याधानंतरचा सर्वांत तेजस्वी तारा अगस्ती, आणि आपल्याकडे खरा गोंधळ तो घालतो असं माझं मत आहे. दिल्लीकरांना तो जेमतेम दिसतो. पुण्यातून तो दक्षिणेला जास्तीत जास्त १९ अंश वर येतो, म्हणजे दोन मुठींच्या आत. नागपुरातून त्याहून कमी, कोल्हापूर-गोव्यातून किंचित जास्त. कधीच वर चढत नसल्याने तो कायम जाड हवेतून दिसतो आणि कायम चमचमतो. जानेवारी ते एप्रिलच्या संध्याकाळी तो दक्षिणेच्या डोंगराच्या किंवा इमारतींच्या थोडा वरून डावीकडून उजवीकडे, जवळजवळ आडवा, सावकाश सरकतो. ‘डोंगरावरून तरंगत गेला’ असं कुणी सांगितलं आणि दिशा दक्षिण असली, तर माझा पहिला अंदाज अगस्तीचा असतो.

बाकीचे थोडक्यात. ऑक्टोबरच्या शेवटी रात्री आठ-नऊला ईशान्येला खाली चमचमणारा ब्रह्महृदय. पाऊस नुकताच सरलेला, हवा धुतलेली आणि माणसं बऱ्याच दिवसांनी वर बघत असतात, त्यामुळे हा हमखास बळी घेतो. एप्रिलच्या सुरुवातीला रात्री आठनंतर पूर्वेला पिवळसर-केशरी स्वाती. मेच्या मध्यापासून आग्नेयेला लालसर ज्येष्ठा.

नाव पडताळायला स्टेलॅरियम किंवा स्काय मॅपसारखं अ‍ॅप घ्या. एक सवय मात्र लावा: आधी दिशा आणि उंची कागदावर लिहा, मग अ‍ॅप उघडा. फोन आकाशाकडे धरून अ‍ॅप सांगेल ते मान्य करणाऱ्यांची होकायंत्राच्या चुकीमुळे भलत्याच ताऱ्याशी गाठ पडते.

कॅमेरा काय करतो?

मोबाइलचा कॅमेरा दिवसासाठी आणि माणसांच्या चेहऱ्यांसाठी बनवलेला आहे. अंधारात एका ठिपक्यावर तो फोकस शोधत राहतो, पुढे जातो, मागे येतो, आणि पडद्यावर ठिपका फुगतो, आकसतो, परत फुगतो. फोकस सुटलेला तारा गोल तबकडीसारखा दिसतो. मोठ्या कॅमेऱ्यात भिंगामागच्या पात्यांच्या आकाराप्रमाणे तो षटकोनी किंवा पंचकोनीही होतो. त्यावर डिजिटल झूम लावला की ‘कडा’, ‘खिडक्या’ आणि ‘फिरणारे पट्टे’ अवतरतात. त्यातला एकही आकाशात नसतो.

दुसरं म्हणजे भिंगातलं प्रतिबिंब. फोटोत रस्त्यावरचा झगमगीत दिवा असेल तर फोटोच्या मध्यबिंदूच्या बरोबर समोरच्या बाजूला हिरवट-निळसर ठिपका पडतो. घरी येऊन फोटो बघताना तो सापडतो आणि ‘तेव्हा डोळ्यांना दिसला नव्हता, कॅमेऱ्याने टिपला’ अशी गोष्ट बनते. दिव्यापासून फोटोच्या मध्यातून रेघ ओढून बघा.

फोटो काढायचाच असेल तर फोन टेकवून ठेवा, झूम अजिबात लावू नका, फोकस हाताने ‘अनंत’वर न्या, आणि चौकटीत खांब किंवा छप्पर येऊ द्या. टायमर लावला की बोटाचा धक्काही लागत नाही. नुसत्या काळ्या आकाशातल्या ठिपक्यापेक्षा छपराच्या कोपऱ्याजवळचा ठिपका शंभरपट उपयोगी.

तारा नसेल तर?

पंधरा मिनिटांची चाचणी नापास झाली, दिवा सरळ निघून गेला, तर तारे-ग्रह बाद. मग यादी वेगळी.

विमान तुमच्याच दिशेने उतरत येत असेल तर त्याचे पुढचे दिवे कित्येक मिनिटं जागेवर थांबलेल्या तेजस्वी गोळ्यासारखे दिसतात. ते वळलं की डाव्या पंखाचा लाल, उजव्याचा हिरवा आणि लखलखणारा पांढरा दिवा दिसतो. फ्लाइटरडार२४ या विमानं दाखवणाऱ्या अ‍ॅपवर बहुतेक प्रवासी विमानं सापडतात. हवाई दलाची विमानं सापडतीलच असं नाही, हे पुण्यात लोहगावच्या हवाई तळाच्या आसपास राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

न लुकलुकता, आवाज न करता, आकाश पार करणारा तेजस्वी ठिपका म्हणजे बहुधा आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. ते सुमारे ४०० किलोमीटरवरून फिरतं, पृथ्वीची फेरी दीड तासात पुरी करतं, आणि आपल्या डोक्यावरून जाताना फार तर सहा मिनिटं दिसतं. पुष्कळदा आकाशाच्या मध्यावरच ते विझून जातं. पळून गेलेलं नसतं, पृथ्वीच्या सावलीत शिरलेलं असतं. एका ओळीत जाणारे दिव्यांचे मणी म्हणजे नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे, इंटरनेट पुरवणारे उपग्रह. मे २०१९ पासून ही माळ जगभर लोकांना चकवते आहे.

आगीच्या लोळासारखे तुकडे होत सावकाश जाणारं काही दिसलं, तर ते परतणारं अवकाशातलं भंगार असू शकतं. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी, ऐन गुढीपाडव्याला, विदर्भातल्या लोकांनी हे डोळ्यांनी पाहिलं. एका चिनी रॉकेटचा टप्पा वातावरणात शिरला होता, आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं.

मराठवाडा, सोलापूर आणि विदर्भाच्या दक्षिण भागातल्या वाचकांसाठी एक खास पाहुणा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्था हैदराबादेतून मोठमोठे फुगे सोडते, त्यांतली उपकरणं ३० ते ४२ किलोमीटर उंचीपर्यंत जातात. जमिनीवर अंधार असताना इतक्या उंचीवरच्या फुग्यावर ऊन पडलेलं असतं, त्यामुळे तो पहाटे किंवा संध्याकाळी जागेवर खिळलेल्या पांढऱ्या मण्यासारखा चमकतो. नंतर उपकरणं पॅराशूटने खाली उतरतात. शेतात असं काही सापडलं तर उघडू नका, पोलिसांना किंवा तलाठ्याला कळवा.

लग्न आणि मिरवणुकांतल्या शार्पी दिव्यांचे झोत ढगांवर पडून फिरणारे गोळे दिसतात. दिवाळीत सोडलेले कागदी आकाशदिवे केशरी दिसतात, वाऱ्याबरोबर जातात आणि एकेक करून विझतात. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठाराकडे रात्री एका ओळीत लुकलुकणारे लाल दिवे पवनचक्क्यांचे. ड्रोनला आवाज असतो आणि त्याची बॅटरी सहसा अर्ध्या तासाच्या आसपास संपते. तासभर एकाच जागी असलेला दिवा छोटा ड्रोन नव्हे.

दुसऱ्या दिवशी परत जा

आजच्या नोंदीवर उत्तर मिळालं नाही, तरी उद्या मिळू शकतं. तारा रोज सुमारे चार मिनिटं आधी त्याच जागी येतो. आज आठ वाजता टाकीच्या कडेला होता, तर उद्या सात छप्पन्नला तिथेच असेल, आठवड्याने साधारण साडेसातला. ग्रहांचा हिशेब थोडा पुढेमागे होतो, पण फार नाही. रोज चार मिनिटं लवकर येण्याचं वेळापत्रक पाळणारी तबकडी अजून कुणी पाहिलेली नाही.

याचं आपल्या देशातलं मोठं उदाहरण लडाखचं. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात पँगाँग सरोवराजवळच्या भारतीय जवानांनी चीनच्या बाजूने येणाऱ्या अज्ञात दिव्यांच्या ३२९ नोंदी केल्या. टेहळणीची यंत्रं असावीत असा संशय होता, आणि सीमेवर तो येणारच. शेवटी भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या खगोलशास्त्रज्ञांना विचारलं गेलं. दिवे कधी उगवतात, कुठून कुठे सरकतात हे बघितल्यावर उत्तर आलं: गुरू आणि शुक्र. त्या हिवाळ्यात गुरू पृथ्वीच्या जवळ, संध्याकाळपासून रात्रभर झळकत होता, आणि त्या उंचीवरच्या विरळ, स्वच्छ हवेत ग्रह अंगावर आल्यासारखे तेजस्वी दिसतात. कुणी यावर हसतं तेव्हा मला ते आवडत नाही. जवानांनी वेळ आणि दिशा टिपून ठेवली होती, म्हणूनच तर उकल झाली.

वैमानिकही यातून सुटत नाहीत. जानेवारी २०११ मध्ये टोरोंटोहून झुरिकला निघालेल्या विमानात डुलकीतून जाग्या झालेल्या सहवैमानिकाने आधी शुक्रालाच समोरून येणारं विमान समजलं. मग हजार फूट खालून खरोखरच येणारं दुसरं विमान आपल्यावरच येतंय असं वाटून त्याने आपल्या विमानाचं नाक खाली दाबलं. १४ प्रवासी आणि २ कर्मचारी जखमी झाले.

नोंद कशी लिहायची आणि कुणाला दाखवायची

अमेरिकी हवाई दलाने १९६९ पर्यंत गोळा केलेल्या उडत्या तबकड्यांच्या १२,६१८ नोंदींपैकी ७०१ अनोळखी राहिल्या. ‘अनोळखी’ याचा अर्थ ‘परग्रहावरचं’ असा लावायची घाई नको. कित्येकदा वेळ किंवा दिशाच लिहिलेली नसते. तुमचीही एखादी नोंद तशी राहिली तर राहू द्या.

चांगली नोंद फार लांब नसते. उदाहरणार्थ: ‘१४ फेब्रुवारी, रात्री ९.१०, सातारा, घराची गच्ची. दक्षिण, दोन मुठींहून जरा कमी उंच. पांढरा, अधूनमधून लाल-हिरवा. आवाज नाही. ९.२५ ला टाकीच्या कडेपासून बोटभर उजवीकडे. आकाश निरभ्र.’ वर अगस्तीबद्दल वाचलं असेल तर याचं उत्तर तुम्हीच द्याल.

अडलंच तर पुण्यात १९४४ पासून चालू असलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत नेहरू तारांगण आहे, आणि बऱ्याच शहरांत हौशी आकाशनिरीक्षकांची मंडळं आहेत. अमावस्येच्या आसपास त्यांचे निरीक्षणाचे कार्यक्रम असतात, तिथे तासभर घालवलात तर वरच्या यादीतले निम्मे तारे चेहऱ्याने ओळखू लागाल. त्यांना व्हिडिओ पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा टाकू नका, कारण त्यात मूळ फाइल दाबली जाते आणि वेळेची नोंद निघून जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, आणि सोबत गाव, दिशा व मुठींची उंची लिहा.